सायरन ऐकू येतो, पण कुठून?

संध्याकाळची गर्दी, सिग्नलला खोळंबलेली रांग आणि कुठूनतरी रुग्णवाहिकेचा सायरन. कोणी मागे बघतो, कोणी उजवीकडे, आणि ज्याला जिथे सुचेल तिथे तो गाडी घुसवतो. लोकांना माणुसकीच उरली नाही, असं आपण पटकन म्हणतो. मला ते पटत नाही. निम्मा घोळ कानांचा असतो.

आवाज डावीकडून आला, तर तो डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्या कानात जरा नंतर. हा फरक फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा, पण तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. आवाज नेमका समोरून किंवा नेमका मागून आला, तर मात्र तो दोन्ही कानांत एकदमच शिरतो आणि मेंदूची पंचाईत होते. रुग्णवाहिका तर बहुधा मागूनच येते! त्यात काचा बंद, एसी चालू, गाणी लावलेली. दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून परतलेला सायरन भलत्याच दिशेने आल्यासारखा वाटतो.

कान एक गोष्ट मात्र चांगली सांगतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी रुग्णवाहिका आपल्याला ओलांडून गेली की सायरनचा सूर एकदम उतरतो, जवळजवळ ‘रे’वरून ‘सा’वर यावा इतका. हाच डॉप्लर परिणाम. पण तो कळेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. याच वेगाने 100 मीटर अंतर 6 सेकंदांत संपतं.

म्हणून सायरन ऐकू आला की गाणी बंद करावीत आणि आधी आरशात बघावं. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला अक्षरं उलटी लिहितात ती यासाठीच, आरशात ती सुलटी दिसतात. मग इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे सरकावं. कचकन ब्रेक मारणं सर्वांत धोक्याचं, कारण मागच्या चालकाला आपला बेत कळायला हवा. डावीकडच्या दुचाकीस्वारांकडेही लक्ष हवं. सिग्नल लाल असेल, तर घाबरून चौकात घुसू नये, आडव्या वाहतुकीला आपण येतोय हे ठाऊक नसतं.

रांगेत सरकायला जागाच नसते, ही तक्रार खरी आहे. पण ती जागा आधीच राखायची असते. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील, इतकं अंतर सोडून थांबलं की गाडी वळवता येते. जर्मनीत महामार्गावर वाहतूक मंदावली की सायरनची वाट न बघताच सगळ्यात डावी लेन डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात, मध्ये वाट मोकळी राहते. आपण डावीकडून गाडी चालवतो, तेव्हा आपल्याकडे उजवी लेन उजवीकडे आणि बाकीच्या डावीकडे, असं करता येईल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात गाड्या तुंबतात तेव्हा हे किती उपयोगी पडेल!

वाट अडवणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात 10,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. रुग्णवाहिकेला वाट दिली की तिच्या मागे लागून गर्दीतून निसटायचा मोह मात्र टाळावा. मागून दुसरी रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाचा बंबही येत असू शकतो.

“आत तर कोणीच नाही, उगाच सायरन वाजवतोय,” हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. रिकामी 108 कोणाला तरी आणायला निघालेली असते. ज्याचं हृदय बंद पडलंय आणि ज्याची छाती दाबायलाही जवळ कोणी नाही, त्याची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटत असते.