बाह्यकर्णाचा लायोमायोमा

लायोमायोमा म्हणजे अरेखित (आपल्या इच्छेविना आपोआप चालणाऱ्या) स्नायूंच्या पेशींपासून होणारी, कर्करोग नसलेली गाठ. गर्भाशयातले फायब्रॉइड याच जातीचे. ते जितके सर्रास आढळतात, तितकीच कानावरची ही गाठ दुर्मिळ.

कानात अरेखित स्नायू आला कुठून? काही जण ज्या स्नायूंनी कान हलवून दाखवतात ते रेखित असतात. त्यांचा इथे संबंध नाही. बाह्यकर्णात अरेखित स्नायू दोनच जागी असतो : केसाच्या मुळाशी, अंगावर काटा आणणाऱ्या इवल्या स्नायूत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत. पहिल्यापासून पायलोलायोमायोमा होतो, दुसऱ्यापासून अँजिओलायोमायोमा. कर्णनलिका साधारण २.५ सेंमी लांब; तिच्या बाहेरच्या, कूर्चेच्या भागातच केस असतात. आतला हाडाचा भाग बिनकेसाचा, म्हणून तिथली गाठ रक्तवाहिनीतूनच उगवली असे धरणे सयुक्तिक.

अँजिओलायोमायोमा एरवी मध्यमवयीन स्त्रियांच्या पायांवर अधिक दिसतो आणि तिथे बऱ्याचदा ठणकतो. कानावरचा बहुधा दुखत नाही. पाळीवर वाटाण्याएवढी, त्वचेखाली सरकणारी टणक गाठ वर्षानुवर्षे तशीच राहते. कर्णनलिकेत मात्र लहान गाठही अडचण करते : मागे मळ साचतो, कान दडा बसल्यासारखा होतो, ऐकू कमी येते.

नुसत्या डोळ्यांनी निदान होणे जवळजवळ अशक्य. चरबीची गाठ, त्वचेची पुटी, रक्तवाहिन्यांची किंवा मज्जातंतूची गाठ, असे अंदाज आधी बांधले जातात आणि उलगडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. तिथे एकमेकांत गुंतलेले लांबट पेशींचे जुडगे दिसतात, त्यांची केंद्रके चिरुटासारखी, टोकांना बोथट. ट्रायक्रोम या रंगवण्याच्या पद्धतीत स्नायू लाल आणि कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन निळे उठते. ॲक्टिन व डेस्मिन या प्रथिनांच्या चाचण्या शिक्कामोर्तब करतात. भराभर विभागणाऱ्या किंवा मृत पेशी दिसल्या, तर लायोमायोसार्कोमा हा कर्करोग नाही ना, हे पाहावेच लागते.

अंगावर असे अनेक पायलोलायोमायोमा असतील, तर प्रकरण कानापुरते उरत नाही. फ्युमरेट हायड्रेटेज जनुकातील आनुवंशिक दोषात ते आढळतात आणि त्यात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो.

एकट्या गाठीवर उपाय एकच, ती समूळ काढणे. अँजिओलायोमायोमा पूर्ण निघाला तर सहसा परतत नाही. कर्णनलिकेच्या आतल्या भागात त्वचा पातळ आणि हाडाला चिकटलेली असते. गाठीबरोबर ती गेली आणि हाड उघडे पडले, तर नलिका आक्रसू नये म्हणून तिथे त्वचेचे ठिगळ लावतात.