७२ हा आकडा आला कुठून?

आठ टक्के चक्रवाढ व्याजाने पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील असं विचारलं की बरेच जण १०० ला ८ ने भागतात आणि साडेबारा वर्षं सांगून मोकळे होतात. हे झालं सरळ व्याजाचं उत्तर. चक्रवाढीत व्याजावरही व्याज चढतं, त्यामुळे नऊ वर्षांत काम होतं आणि ज्यांना ७२ चा नियम (७२ ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायची वर्षं मिळतात) माहितीये ते ७२ भागिले ८ करून हे नऊ तोंडी सांगतातही. पण ७० नाही, ७५ नाही, ७२ च का? खरी मजा तिथे आहे.

शाळेतलं सूत्र आठवा. रक्कम दरवर्षी १.०८ पट होते, म्हणजे न वर्षांनी १.०८ चा न वा घात. शाळेत वर्षं दिलेली असायची आणि रास काढायची असायची. इथे उलटं, रास माहितीये (मुद्दलाच्या २ पट) आणि वर्षं मात्र वर घातांकात अडकलीयेत. त्यांना खाली आणायचं हत्यार म्हणजे लॉगरिदम, थोडक्यात लॉग: एखादी संख्या मिळवायला ठरलेल्या पायाचा कितवा घात घ्यावा लागेल तो आकडा. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की घातांक खाली उतरून साधा गुणाकार होतो, मग न म्हणजे २ चा लॉग भागिले १.०८ चा लॉग. नॅचरल लॉग (ज्याचा पाया साधारण २.७१८ असतो, कॅल्क्युलेटरवरचं ln बटण) घेऊन करून बघा, ०.६९३१५ भागिले ०.०७६९६, उत्तर ९.००६. नऊ वर्षं आणि दोन-अडीच दिवस!

आता ७२. दर छोटा असेल तर (१ + दर) चा नॅचरल लॉग जवळपास त्या दराइतकाच येतो, म्हणून खरं तर नियम ६९.३ चा हवा (वरचे ०.६९३ गुणिले १००, कारण दर टक्क्यांत मोजतो). पण अगदी दराइतका येत नाही, साधारण दराचा वर्ग भागिले २ एवढा कमी पडतो. आठ टक्क्यांना ०.०८ ऐवजी ०.०७७. खालचा आकडा घटला की भरपाई म्हणून वरचा वाढवावा लागतो, ६९.३ गुणिले ८ भागिले ७.७ केलं की आले ७२! म्हणजे ७२ हा आठ टक्क्यांच्या आसपासच चपखल बसतो. २ टक्क्यांना खरं उत्तर ३५ वर्षं, नियम ३६ सांगतो. २४ टक्क्यांना खरं ३.२२, नियम म्हणतो ३. शिवाय ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ सगळ्यांनी भाग जातो, तोंडी हिशोबाला याहून सोयीचं काय असणार. आणि कमाल म्हणजे इटलीतल्या लुका पाचोली या गणितज्ञाने हा नियम १४९४ मध्येच छापलाय, जॉन नेपियरचे लॉगरिदम प्रसिद्ध झाले १६१४ मध्ये, तब्बल १२० वर्षांनी.

हाच हिशोब 'महिन्याला १० टक्के गॅरंटीड' वाल्या स्कीमला लावा. १.१ चा ६० वा घात, म्हणजे पाच वर्षांत रकमेच्या ३०४ पट. असं कोणी खरंच देऊ शकत असेल तर तो तुमच्याकडे पैसे मागायला कशाला येईल? मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असताना लोक यात फसतात याचं फार वाईट वाटतं.

बातम्यांत कुठल्याही वेगवान वाढीला एक्स्पोनेन्शियल (म्हणजे चक्रवाढीसारखी, ठरावीक काळात ठरावीक पट होणारी) म्हणून टाकतात, तेही तपासता येतं. उभ्या अक्षावर १०, १००, १००० असे सारख्या अंतरावर मांडून आलेख काढायचा (याला लॉग स्केल म्हणतात), दर स्थिर असेल तर सरळ रेषा येते. ई. कोलाय हा जिवाणू चांगलं पोषण मिळालं तर साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, या हिशोबाने एकाचे दहा तासांत १०७ कोटी व्हायला हवेत. सुरुवातीला रेषा सरळच चढते, पण अन्न संपत आलं की वाकायला लागते आणि शेवटी आडवी होते. एक्स्पोनेन्शियल वाढ म्हणजे त्या आलेखातला फक्त सरळ तुकडा.