नोटांच्या क्रमांकांचा संग्रह (कोल्हापूर)

चलनी नोट तिच्यावर छापलेल्या क्रमांकासाठी खर्च न करता जपून ठेवण्याचा छंद. नाणी-नोटांच्या संग्रहाचा हा सर्वांत स्वस्त फाटा. होन किंवा सातवाहनांची नाणी जमवायला पैसा लागतो आणि जाणही लागते. इथे दहाची नोट दहा रुपयांतच हाती येते, फक्त तिच्याकडे बघायची सवय हवी. जुन्या नाण्यांच्या अभ्यासात कोल्हापूरचे नाव मोठे आहे. १८७७ साली ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या नाण्यांमुळे इथल्या कुर राजांची नावे उजेडात आली आणि त्या टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. क्रमांकांचा नाद त्यामानाने अगदी अलीकडचा, आणि तो दुकानाच्या गल्ल्याशी बसून भागवता येतो.

भारतीय नोटेवर आधी तीन अक्षरा-अंकांचा प्रीफिक्स असतो आणि पुढे सहा आकडी संख्या. एका प्रीफिक्सची छपाई ०००००१ ने सुरू होते. ९९९९९९ नंतरची शेवटची नोट १०००००० अशी सात आकडी निघते आणि ही ‘दहा लाखवाली’ संग्राहकांच्या स्वप्नातली. क्रमांक नोटेवर दोनदा छापलेला असतो; दोन्हीकडचे आकडे जुळत नसतील तर ती छपाईतली चूक ठरते आणि तिचा संग्रह करणारे वेगळे लोक आहेत. २०१५ पासून हे सहा आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. बनावट नोटा ओळखण्यासाठी ही सोय उपयोगी असली, तरी उलटसुलट सारख्या येणाऱ्या क्रमांकांचा देखणेपणा तिने थोडा बिघडवला, अशी जुन्या संग्राहकांची कुरकुर असते. ती खोटी नाही. ४७२२७४ हा क्रमांक जुन्या नोटेवर आरशासारखा दिसतो, नव्या नोटेवर एका बाजूला कलतो.

एका प्रीफिक्सच्या नोटा बरोबर दहा लाख असल्याने कोणता क्रमांक किती दुर्मीळ हे कागद-पेन्सिल घेऊन काढता येते, आणि या छंदाची खरी गंमत तिथेच आहे. सहाही आकडे एकच असलेल्या, म्हणजे १११११ नंतर आणखी एक १, अशा ‘सॉलिड’ नोटा दहा लाखांत फक्त ९. १२३४५६ सारख्या सरळ चढत्या शिडीच्या ५, उतरत्याही ५. पुढून-मागून सारख्या वाचता येणाऱ्या ‘रडार’ नोटा ९९९, आणि ३५८३५८ प्रमाणे तीन आकडे पुन्हा येणाऱ्या ‘रिपीटर’ही तेवढ्याच. दोनच आकड्यांनी बनलेले क्रमांक २,७९० भरतात. ०, १, ६, ८, ९ एवढेच आकडे वापरून नोट उलटी धरली तरी तोच क्रमांक दिसेल, असे १२४. ९६११९६ हे त्यातले एक.

सगळ्यांत जास्त विचारली जाणारी ७८६ मात्र या हिशेबात फिकी पडते. ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’च्या अक्षरांची अबजद पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अरबी अक्षराला ठरलेला आकडा देऊन, होणारी बेरीज ७८६ असल्याने हा आकडा शुभ मानतात, आणि कोल्हापुरात हिंदू घरांतही ती नोट पाकिटाच्या आतल्या कप्प्यात सापडते. पण दहा लाखांत ३,९९९ नोटांवर कुठे ना कुठे ७८६ येतेच. म्हणजे साधारण अडीचशे नोटांमागे एक. रोजचा गल्ला मोजणाऱ्या किराणा दुकानदाराच्या हातून ती सारखीच जात असते. ०००७८६ आणि ७८६७८६ यांची गोष्ट निराळी. त्या प्रत्येक प्रीफिक्समध्ये एकेकच.

सहा आकड्यांत दिवस, महिना, वर्ष नेमके बसतात, त्यामुळे वाढदिवसाची नोट हा सर्वांत घरगुती प्रकार. एका शतकात ३६,५२५ तारखा होतात. म्हणजे दर सत्तावीस-अठ्ठावीस नोटांमागे एक नोट कुठली तरी तारीख दाखवते. आपल्याला हवी तीच तारीख मिळणे मात्र दहा लाखांत एक. बारशाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला अशी नोट फ्रेम करून देण्याची पद्धत रुळली आहे. शतकाचे आकडे नसल्याने या नोटा दोन-तीन काळ एकदम दाखवतात. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ चा, राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. दोनशे वर्षे आणि वीस दिवसांचे अंतर असलेल्या या दोन तारखा नोटेवर ०६०६७४ आणि २६०६७४ अशा सख्ख्या भावंडांसारख्या येतात. कोल्हापूरकराच्या फाईलमध्ये ही जोडी एकाच पानावर शोभावी. तिसरी १९०२३०, म्हणजे शिवजयंती.

दुसरा स्थानिक मोह पिनकोडचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागे संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जाणारे टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर होते. नोटेचा क्रमांकही सहा आकडी, तेव्हा प्रत्येक प्रीफिक्समध्ये शाहूपुरीची ४१६००१, शिवाजी विद्यापीठाची ४१६००४, राजारामपुरीची ४१६००८ आणि इचलकरंजीची ४१६११५ अशी एकेक नोट असतेच. ४१६ ने सुरू होणाऱ्या नोटा ओळीने एक हजार, म्हणजे शंभर-शंभरची दहा पुडकी. यातला सर्वांत देखणा क्रमांक ४१६४१६, पिनकोडही आणि रिपीटरही. पण तो नेमका सांगलीचा निघावा हे कोल्हापूरकरांना पटत नाही.

गाडीच्या नंबरची हौस या छंदाला जवळची. एमएच ०९ च्या गाड्यांवर ४१४१ चे ‘दादा’ आणि २१४ चे ‘राम’ करून मिरवणाऱ्या गावात, गाडीचाच चार आकडी नंबर शेवटी असलेली नोट डॅशबोर्डात ठेवणारे लोक असणारच. नोटेवर आकड्यांना असे वळण देता येत नाही, आहे तसाच नंबर घ्यावा लागतो.

क्रमांकाच्या मध्ये चांदणी असलेल्या ‘स्टार’ नोटांचा संग्रह वेगळा धरतात. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी पुडक्यात घालायला ही मालिका रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये आणली, आधी १०, २० आणि ५० रुपयांसाठी. प्रीफिक्स आणि संख्या यांच्यामध्ये चांदणी छापतात. चांदणी पाहून नोट बनावट समजणारे आजही भेटतात. ती पूर्णपणे खरी असते. सह्यांप्रमाणे नोटा लावणारेही आहेत. त्यांच्यात १९४३ ते १९४९ या काळातले रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या सहीला मराठी घरांत खास मान.

मिळण्याची ठिकाणे साधीच: बँकेतला ओळखीचा कॅशियर, पेट्रोल पंप, एसटीचा कंडक्टर, मार्केट यार्डातली अडत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आणि लग्नसराईत आहेरासाठी कोऱ्या नोटांची पुडकी घरात येतात, तेव्हा आधी ती चाळून मग पाकिटे भरावीत. १०१ आणि ५०१ च्या वरच्या रुपयासाठी एकची नोट अजून शोधली जाते. तिची छपाई १९९४ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थसचिवांची सही असते.

नंबर कितीही चांगला असला तरी नोट चुरगळलेली असेल तर किंमत कोसळते. मधली एक घडी, कोपऱ्याचा दुमडलेला शेंडा, कॅशियरने पेनाने लिहिलेला आकडा, एवढेही पुरते. जुन्या पुडक्यांतल्या नोटांना डाव्या बाजूला स्टेपलची भोके असतात. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना पुडकी स्टेपल करणे बंद करायला सांगितले, त्यामुळे नंतरच्या नोटा बिनभोकाच्या मिळू शकतात. कुस्तीच्या मैदानात पैलवानाच्या हातात पडलेली घामट नोट आठवण म्हणून मोलाची, संग्राहकाच्या लेखी मात्र बाद. लॅमिनेशन तर कधीच करू नये. पीव्हीसीचे स्वस्त प्लॅस्टिक कालांतराने चिकट होते, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचे पाऊच घ्यावेत. नोटेचा कागद कापसाचा, आणि कोल्हापूरचा पाऊस चार महिने भिंतीत मुरणारा. फाईलजवळ सिलिका जेलच्या पुड्या लागतात. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरानंतर ती फाईल खालच्या कपाटात न ठेवण्याचे कारण वेगळे सांगायला नको.

किमतीबाबत बोलबाला फार आणि व्यवहार थोडा. बँकेत कोणत्याही क्रमांकाची नोट छापील किमतीचीच; वरचा पैसा देतो तो दुसरा संग्राहक, आणि तोही नोट कोरी असेल तर. ‘७८६ ची नोट द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिरातींतून आधी नोंदणी शुल्क, मग कमिशन, मग कर मागितला जातो. आपल्या नावाने चाललेल्या अशा मागण्यांशी काही संबंध नसल्याचे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले. एखादा आकडा खरवडून क्रमांक बनवण्याची लबाडीही होते. क्रमांकाची शाई अतिनील दिव्याखाली चमकते, त्यामुळे गुजरीतल्या सराफाकडे किंवा बँकेत असलेला साधा दिवाही तपासायला पुरतो. दोन्हीकडचे क्रमांक ताडून पाहणे त्याआधीचे काम.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटांना मात्र कायद्याची मर्यादा आहे. २०१७ च्या कायद्यानुसार सामान्य माणसाला दोन्ही मिळून १० पेक्षा जास्त जुन्या नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा मुद्रासंग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. त्यापुढे गेल्यास दहा हजार रुपये किंवा नोटांच्या छापील किमतीच्या पाचपट, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड होतो. मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतलेल्या २००० च्या नोटेला हा कायदा लागू नाही, त्यामुळे तिच्या चांगल्या क्रमांकांची जमवाजमव उघडपणे चालते.