मोक्सा

चिनी वैद्यकातील शेकाची एक उपचारपद्धती. 'आय' या झुडपाची (आर्टिमिजिया अर्गाय) पाने वाळवून कुटली की मऊ, कापसासारखा भुसा मिळतो. शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर किंवा त्यांच्या अगदी जवळ तो जाळून ऊब देतात. आपण ज्याला ॲक्युपंक्चर म्हणतो त्याचे चिनी नाव 'जेनज्यू'. जेन म्हणजे सुई आणि ज्यू म्हणजे हा शेक. चीनबाहेर सुईचा बोलबाला झाला, शेक मागे पडला. युनेस्कोने २०१० साली वारसा यादीत घेतले ते मात्र दोन्ही मिळून. 'मोक्सा' हा शब्द मूळचा चिनी नव्हे. जपानी 'मोगुसा'वरून तो डचांमार्फत १७व्या शतकात युरोपात गेला.

दोन्हींत शेक जुना असावा. हूनान प्रांतातील मावांगडुई येथे इ.स.पू. १६८मध्ये बंद केलेल्या थडग्यात १९७३ साली रेशमावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर सापडले. त्यांत शरीरातील अकरा वाहिन्या सांगून त्यांवर शेक द्यायला सांगितले आहे. सुई टोचण्याचे वर्णन नाही. इ.स.पू. चौथ्या शतकातील तत्त्वज्ञ मेन्सियस यानेही सात वर्षांच्या दुखण्यासाठी तीन वर्षे साठवलेला आय शोधणाऱ्याचा दाखला दिला आहे. जुना आय सावकाश आणि सौम्य जळतो, म्हणून त्याला मोल. आयुर्वेदात जुन्या तुपाला असते तसे.

आय हा आपल्या दवण्याचा सख्खा भाऊबंद, एकाच प्रजातीतला. आपल्याकडे दवणा चैत्रात जोतिबाला वाहतात. चीनमध्ये पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला आयच्या डहाळ्या दाराला लावतात. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीपासून निघाले, पण त्याचा मोक्साशी संबंध नाही.

तांदळाच्या दाण्याएवढा शंकू थेट त्वचेवर पेटवणे ही जुनी, फोड आणि व्रण उठवणारी रीत. आपल्याकडच्या डाग देण्याची आणि सुश्रुताच्या अग्निकर्माची ती आठवण करून देते. आता बहुधा आल्याची किंवा लसणाची चकती, नाहीतर बेंबीत भरलेले मीठ मध्ये ठेवतात. याहून सोपी म्हणजे सिगारसारखी कांडी: ती पेटवून त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरायची. टोचलेल्या सुईच्या मुठीला भुसा लावून पेटवण्याचीही पद्धत आहे. गुडघ्याखालचा 'झूसान्ली' हा फार वापरातला बिंदू. चिनी सिद्धान्तानुसार 'थंडी' आणि अशक्तपणा यांवर हा इलाज. ताप किंवा दाह असेल तर तो टाळतात.

सर्वाधिक चर्चा झाली ती पोटातले पायाळू मूल वळवण्याच्या उपयोगाची. यात पायाच्या करंगळीच्या नखाशेजारी कांडीने शेकतात. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात चीनमधील २६० पहिलटकरणींवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ३५व्या आठवड्यात पाहिले तेव्हा शेक घेतलेल्या १३०पैकी ९८ जणींचे मूल डोके खाली करून वळले होते, न घेतलेल्या १३०पैकी ६२ जणींचे. हा फरक लहान नव्हे. पण पुढे इटलीत तशीच चाचणी घेतली, तेव्हा अनेकींनी उपचार अर्धवट सोडल्याने ती थांबवावी लागली, आणि तिच्यात फरकही दिसला नाही. उग्र वास हीही त्या स्त्रियांची एक तक्रार होती. इतर आजारांबाबतचा पुरावा याहून कच्चा आहे.

भाजणे हा मुख्य धोका. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांना चटका बसलेला कळतही नाही. बंद खोलीतला धूर दमेकऱ्यांना सोसत नाही, म्हणून धूर कमी करणाऱ्या कोळशासारख्या कांड्याही विकल्या जातात.