घाम तोच, दुखणं वेगळं: बायपासनंतरचं अर्ली आणि लेट डम्पिंग

इंदूरच्या घरांत रविवार उजाडतो तो पोहे-जिलेबीनेच, मग घर मराठी असो की हिंदी. आमच्या लोकमान्यनगरच्या घरातही तसंच. धाकट्या दिरांची वजन कमी करण्यासाठीची शस्त्रक्रिया, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास, होऊन तीन महिने झाले होते. पातळ आणि मऊ खाण्याचे टप्पे संपले होते. सासूबाईंना राहवेना. "एवढीशी तर आहे," म्हणत त्यांनी एक जिलेबी त्यांच्या बशीत ठेवली, दुसरी भावजींनी आपणहून घेतली. पंधरा-वीस मिनिटांत ते घामाने निथळायला लागले. छातीत धडधड, पोटात मुरडा, चेहरा लाल, धड बसवतही नव्हतं. साखर उतरली असेल या समजुतीने आम्ही घाईघाईने साखरेचं पाणी पाजलं. त्यानंतर जुलाब सुरू झाले आणि हाल दुप्पट झाले. सर्जननी नंतर सांगितलं की हे डम्पिंग. यात साखर पाजायची नाही, स्वस्थ आडवं व्हायचं, थोड्या वेळात ओसरतं.

ते वाक्य आम्ही घरात पाठ केलं आणि त्यानेच पुढे घात केला.

दीड वर्ष गेलं. गणपतीतला दिवस. आरती आटोपून साडेअकराला भावजींनी प्रसादाचा शिरा आणि एक मोदक खाल्ला. दीडच्या सुमारास त्यांचे हात कापायला लागले, घाम फुटला, बोलण्यात संगती राहिली नाही. "डम्पिंगच असणार, पडा जरा," असं मीच म्हणाले आणि पंखा लावून दिला. वीस मिनिटांनी हाक मारली तर नीट ओ देईनात. शेजारच्या काकांना मधुमेह आहे, त्यांचा ग्लुकोमीटर धावत आणला. आकडा आला ४८. या वेळी त्यांना साखरच हवी होती आणि मी त्यांना झोपवून ठेवलं होतं. गिळता येण्याइतकी शुद्ध होती म्हणून निभावलं.

दोन्ही वेळा घाम होता, धडधड होती, गळून जाणं होतं. डॉक्टरही दोन्हीला डम्पिंगच म्हणतात, फक्त पुढे 'अर्ली' किंवा 'लेट' लावतात. पण शरीरात आत जे घडतं ते अगदी निराळं असतं आणि उपाय तर उलटेच. ज्या घरात बायपास झालेलं माणूस आहे, तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला हा फरक ठाऊक असायला हवा असं मला कळकळीने वाटतं.

आधी अर्ली. आपल्या जठराच्या तळाशी एक झडप असते. ती जेवण थोडं थोडं करून लहान आतड्यात सोडते. बायपासमध्ये जठराचा साधारण ३० मिलीचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढाच कप्पा ठेवतात आणि तो थेट लहान आतड्याला जोडतात. झडप वाटेतून बाजूलाच पडते. मग जिलेबीचा पाक जसाच्या तसा आतड्यात उतरतो. इतकं गोड, इतकं दाट काही अचानक आलं की ते पातळ करायला आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं. आतडं फुगतं म्हणून मुरडा, मळमळ आणि जुलाब. रक्तवाहिन्यांतलं पाणी कमी होतं म्हणून धडधड, चक्कर आणि कधी एकदा आडवं होतो असं वाटणं. हे सगळं खाल्ल्यापासून दहा मिनिटं ते तासाभरात होतं. रक्तातली साखर या वेळी उतरलेली नसते, उलट चढत असते. म्हणून साखरेचं पाणी पाजणं म्हणजे ज्याने त्रास झाला तेच पुन्हा ओतणं.

लेटची गोष्ट त्या चढलेल्या साखरेपासूनच सुरू होते. साखर झपाट्याने रक्तात गेली की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक भरपूर सुटतं आणि स्वादुपिंड इन्सुलिनचा मोठा लोंढा सोडतं. इतकं इन्सुलिन खरं तर लागणारच नसतं. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांत साखर गरजेपेक्षा खाली घसरते. हात कापतात, एकदम भूक लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर बेशुद्धही पडू शकतो. पोटाची तक्रार इथे सहसा नसते. मला तर ही खूण घड्याळाइतकीच मोलाची वाटते: पोट बोलत असेल तर बहुधा अर्ली, डोकं आणि हात बोलत असतील तर लेटची शंका घ्यायची.

आणखी एक फरक आम्हाला फार उशिरा कळला. अर्ली डम्पिंग शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच डोकं वर काढतं आणि बऱ्याच जणांत हळूहळू कमी होतं. लेट मात्र बहुतेक वेळा वर्षभराने किंवा त्याहूनही नंतर सुरू होतं, अगदी सगळं सुरळीत झालं असं वाटून घर निर्धास्त झालेलं असताना. भावजींना मधुमेह कधीच नव्हता, त्यामुळे साखर उतरेल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

तर त्रास सुरू झाला की पहिला प्रश्न: खाल्लं कधी? तासाच्या आत असेल आणि पोट कळवळत असेल, तर आडवं होऊ द्यायचं, गोड काही द्यायचं नाही, बरं वाटल्यावर घोट घोट पाणी. एक तास उलटून गेला असेल तर आधी बोटाला सुई. आकडा ७०च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. इथे थांबून मात्र चालत नाही. नुसती साखर दिली तर तीच पुन्हा चढेल, पुन्हा इन्सुलिन सुटेल आणि तासाभराने पुन्हा घसरण. म्हणून आकडा सावरला की लगेच थोडे फुटाणे, पनीरचा तुकडा किंवा उकडलेलं अंडं द्यायचं. मीटर हाताशी नसेल आणि खाऊन दीड-दोन तास झाले असतील तर साखर उतरली असंच धरून चालायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. आणि अशा वेळी दुचाकी चालवायची नाही; पलासियाच्या चौकात सिग्नलला उभं असताना हात कापायला लागले तर काय होईल, या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो.

टाळण्याचे उपाय दोन्हींचे पुष्कळसे एकच आहेत. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी. दर वेळी आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी जागा उरली तर पोळी किंवा भात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ आणि एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतात, त्यावरून हिशेब मांडता येतो. जेवताना पाणी नको आणि जेवल्यावर अर्धा तास नको, कारण पाण्याबरोबर घास आणखी वेगाने खाली वाहतो.

पण एका ठिकाणी लेटचा नियम जास्त कडक आहे आणि तिथेच घरं चुकतात. 'गोड सोडलं की झालं' एवढ्यावर भागत नाही. पोहे, पांढरा भात, साबुदाण्याची खिचडी, ब्रेड, साखर न घातलेला फळांचा रस, या सगळ्यांची साखर भराभर होते. आमच्या इंदुरी पोह्यांत तर वाफेवर ठेवण्याआधी साखर पडलेलीच असते. भावजींचा रविवार आता असा असतो: आधी मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा मुगाचं धिरडं पनीर घालून, ते चावून चावून खाल्ल्यावर दोन चमचे पोहे, वर शेव आणि चिमूटभर जिरावण मसाला. सासूबाईंना सुरुवातीला हे पाहवत नव्हतं. आता मूग भिजवायची आठवण त्याच करतात. आहाराचा कागद बाहेरगावचा असेल तर शब्दही तपासून घ्या. त्यात लिहिलेली शिकंजी म्हणजे लिंबाचं पाणी असतं. आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत, छप्पन दुकानवर, त्याच नावाने मिळतं ते आटवलेलं, सुका मेवा घातलेलं गोड दूध.

स्लीव्ह, म्हणजे जठर कापून निमुळतं करण्याची वजन कमी करण्यासाठीची दुसरी शस्त्रक्रिया, झालेल्यांनी यातलं काही आपल्याला लागू नाही असं समजू नये. त्यांची झडप जागेवर असते, त्यामुळे त्रास कमी जणांना होतो. पण निमुळत्या जठरातून अन्न लवकर उतरतं, म्हणून होऊ शकतो.

घास अडकणं हे तिसरंच. छातीच्या मध्यभागी दाटून येतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. घाईने खाल्लेला भात किंवा पोळी हे त्याचं नेहमीचं कारण. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सततची धडधड, ताप किंवा वाढतं पोटदुखणं असेल तर त्याला डम्पिंग म्हणून घरी थांबूच नका. जोडलेली जागा गळत असण्याची शक्यता असते आणि तिथे तासही महत्त्वाचे असतात.

दोन गोष्टी दवाखान्यात स्वतःहून सांगाव्या लागतात. मधुमेहाच्या तपासणीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देतात, ते बायपास झालेल्याला देऊ नये. गरोदरपणात ही तपासणी सर्रास होते, म्हणून बायपास झालेल्या स्त्रीने आधीच कल्पना द्यावी. दुसरं, लेट डम्पिंगसाठी कधी कधी अकार्बोज नावाची गोळी देतात. ती घेणाऱ्याची साखर उतरली तर घरातली साखर पटकन उपयोगी पडत नाही, कारण तिचं विघटनच ती गोळी रोखून धरते. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पूडच लागते. भावजींच्या स्कूटरच्या डिकीत, पाकिटात आणि ऑफिसच्या खणात एकेक पुडी आहे.