वीज बदलते तेव्हा माणसांचं काय बदलतं?

बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. त्याहून गरम झाल्या की त्या हळूहळू निकामी होतात, आणि धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस-बीची लस गोठली तर तीही वाया जाते. जिथे विजेची तार पोचलेली नाही, तिथल्या दवाखान्यात लशींचा फ्रिज रॉकेलच्या किंवा गॅसच्या ज्योतीवर चालायचा. ज्योत कमीजास्त झाली की आतलं तापमान हलायचं. पुढे सौर फ्रिज आले, पण त्यांच्या बॅटऱ्या काही वर्षांत मान टाकायच्या.

आता असे फ्रिज आहेत ज्यांना मोठी बॅटरी लागतच नाही. पॅनेलची वीज थेट कॉम्प्रेसरला जाते, दिवसभरात फ्रिजच्या अस्तरात भरलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि रात्री तोच बर्फ लशी थंड ठेवतो. म्हणजे ऊन साठवलं जातं ते बर्फाच्या रूपात. वीज नसताना किमान ३ दिवस तापमान टिकलं पाहिजे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अट आहे. एवढ्या साध्या युक्तीने आडबाजूच्या बाळाला वेळेवर टोचलेली लस खरोखर कामाची ठरते.

अक्षय ऊर्जेचा, म्हणजे ऊन-वाऱ्यासारख्या न संपणाऱ्या स्रोतांपासूनच्या ऊर्जेचा विषय निघाला की आपण कार्बनच्या टनांत बोलायला लागतो. तो हिशोब महत्त्वाचाच आहे, पण त्याचं फळ पुढच्या पिढ्यांच्या पदरात पडणार. हवेचं तसं नाही. कोळसा जळला की धुरासोबत २.५ मायक्रॉनहून बारीक कण हवेत येतात, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान. नाकातले केस आणि घशातला चिकट थर त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, त्यातले काही रक्तात उतरतात आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढवतात. शिवाय धुराड्यातून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेतच आणखी बारीक कण तयार होतात, तेही शेकडो किलोमीटर दूर. बाहेरच्या दूषित हवेमुळे २०१९ साली जगात सुमारे ४२ लाख माणसं अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात वाहनं, कारखाने, शेतातली आग हे सगळं येतं, पण विजेसाठी जळणारा कोळसाही येतो. तो थांबला की हवेतला त्याचा वाटा काही दिवसांत ओसरतो. पाण्याचीही बचत होते: औष्णिक केंद्राला वाफ थंड करायला भरपूर पाणी लागतं, पवनचक्कीला जवळपास नाहीच.

मात्र हे फायदे सगळ्यांच्या वाट्याला सारखे येतील असं नाही, आणि मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा. पवनचक्की कोणाच्या मालकीची आहे? डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात २००० साली २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या प्रकल्पाचा निम्मा हिस्सा ८ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेने घेतला. पवनचक्क्यांमुळे समुद्राचं दृश्य बदललं हे खरं, पण ज्यांना त्या रोज दिसतात त्यांच्यापैकी अनेकांना नफ्यातला वाटाही मिळू लागला. बाहेरून कंपनी आली, जमीन घेतली, वीज दूर पाठवली, असं झालं तर गावाच्या हाती नुसता पात्यांचा आवाज उरतो.

दुसरा प्रश्न खाणकामगारांचा. २०२३ साली जगभरात अक्षय ऊर्जेत सुमारे १ कोटी ६२ लाख रोजगार होते. आकडा दिलासा देणारा आहे, पण खाण बंद पडते एका ठिकाणी आणि पॅनेलचा कारखाना उभा राहतो भलत्याच ठिकाणी. पन्नाशीच्या माणसाने बिऱ्हाड उचलून तिकडे जावं, असं सहज म्हणता येत नाही. स्पेनमध्ये २०१८ साली सरकार आणि कामगार संघटनांनी खाणी बंद करण्याआधी बसून करार केला. त्यात ४८ वर्षांवरच्या कामगारांना लवकर निवृत्ती होती, तरुणांना नवं प्रशिक्षण होतं आणि उजाड झालेल्या खाणपट्ट्यात पुन्हा झाडी उभी करण्याचं काम होतं. त्या कामावर आधी घ्यायचं ते तिथल्याच खाणकामगारांना, असं ठरलं होतं.