वेबसाइट बनवायचे पैसे वेगळे, चालवायचे पैसे वेगळे

"वेबसाइटला साधारण किती खर्च येतो हो?" हा प्रश्न छोटा धंदा चालवणारं कुणी ना कुणी मला सारखं विचारतं, आणि मी दर वेळी आधी उलट विचारतो की बनवायला किती ते विचारताय का चालवायला किती? बरेचजण म्हणतात, अहो एकच ना ते. नाही, एकच नाही, आणि हे दोन आकडे एकात मिसळले गेल्यामुळे चांगल्या चांगल्या माणसांना दुसऱ्या वर्षी अचानक बिल आल्यावर फसवल्यासारखं वाटतं. खरं तर कधी कधी कुणी फसवलेलं नसतंही, सुरुवातीलाच नीट विचारलं गेलेलं नसतं एवढंच.

बनवायचे पैसे म्हणजे माणसाच्या तासांचे पैसे. कुणीतरी बसून डिझाइन करणार, पानं लावणार, मोबाइलवर नीट दिसतंय का बघणार, फॉर्म भरला की मेल येतोय का तपासणार. हे एकदा द्यायचे, काम संपलं की संपले. चालवायचे पैसे म्हणजे भाडं. डोमेन म्हणजे तुमच्या साइटचं नाव, ते भाड्याने. होस्टिंग म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर बसते ती जागा, तीही भाड्याने. यातलं काहीही कायमचं विकत मिळत नाही. डॉट कॉम सारखं डोमेन एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठीच घेता येतं, मग परत रिन्यू करायचं. त्यामुळे कोटेशनमध्ये "लाइफटाइम डोमेन आणि होस्टिंग फ्री" असं दिसलं की ते कोण भरणार आणि किती वर्षं भरणार हे तिथल्या तिथे लेखी घ्या.

आता बनवायच्या आकड्यात फरक कशामुळे पडतो ते सांगतो, कारण एकाच साइटचं एकजण 10 सांगतो आणि दुसरा 100, आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात. लोकांना वाटतं पानांच्या संख्येवर पैसे ठरतात. थोडेफार ठरतात, पण खरा खर्च साइट काय *करते* त्यावर असतो. पाच पानांची माहिती देणारी साइट आठ पानांची केली तर फार फरक पडत नाही, पण त्याच साइटवर ऑनलाइन पेमेंट आलं, बुकिंग आलं, ग्राहकाचं लॉगिन आलं, किंवा दुकानातला स्टॉक आणि साइटवरचा स्टॉक जुळवायचा असला की तास भराभर वाढतात, आणि तिथे स्वस्तातलं काम नंतर फार महाग पडतं. तयार थीम, म्हणजे आधीच करून ठेवलेलं डिझाइन, वापरली की तास कमी, सगळं डिझाइन पहिल्यापासून केलं तर जास्त. छोट्या धंद्याला बहुतेक वेळा तयार थीम पुरते, हे मी अगदी मनापासून सांगतो, डिझाइनवर घालवायचे पैसे चांगल्या फोटोंवर आणि नीट लिहिलेल्या मजकुरावर घाला. मजकूर कोण लिहिणार हे मात्र आधी ठरवा. कोटेशनमध्ये ते बहुतेकदा नसतं, आणि साइट रखडते ती जास्त करून तिथेच.

साइट बनवायला बरेचजण वापरतात त्या वर्डप्रेसचं एक सांगून टाकतो. हे सॉफ्टवेअर 2003 पासून फुकट आणि ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, म्हणजे "वर्डप्रेस लायसन्स" अशी ओळ बिलात असली तर ती कशाची ते विचारायचं. पेड थीमचं किंवा पेड प्लगिनचं (प्लगिन म्हणजे साइटला एखादी जादा सोय जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) लायसन्स असू शकतं, ते खरं असतं, पण ते सहसा दर वर्षीचं असतं, म्हणजे तो खर्च चालवायच्या बाजूला जातो. लायसन्स संपलं तरी प्लगिन बहुतेकदा चालू राहतं, पण अपडेट यायचे बंद होतात, आणि अपडेट नसलेलं प्लगिन म्हणजे साइट हॅक व्हायला उघडं दार.

चालवायच्या बाजूला अजून काय काय येतं? डोमेन, होस्टिंग, धंद्याच्या नावाचे ईमेल, बॅकअप, अपडेट, आणि अधूनमधून लागणारे बारीक बदल, नवा फोन नंबर, नवीन वेळ, नवा फोटो वगैरे. पेमेंट घेत असाल तर प्रत्येक व्यवहारामागे पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन तुम्हाला पोचवणाऱ्या कंपनीचा, कट असतो तो वेगळा. एसएसएल, म्हणजे ब्राउझरमध्ये साइट सुरक्षित दाखवणारं सर्टिफिकेट, ते पाहिजेच, 2018 च्या जुलैपासून क्रोम ते नसलेल्या साइटवर "नॉट सिक्युअर" लिहितो. पण लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, बऱ्याच होस्टिंगमध्ये ते आपोआप लागतं आणि रिन्यू होतं, त्यामुळे साध्या साइटसाठी एसएसएलचे दर वर्षी वेगळे पैसे लावले असतील तर कारण विचारा.

आणि पहिल्या वर्षाचा भाव. होस्टिंगवाले जाहिरातीत जो भाव लिहितात तो बऱ्याचदा पहिल्या टर्मचा असतो, रिन्यूअलला तो दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. तो आकडा त्याच पानावर बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तो शोधा आणि हिशोब त्याच्यावर करा.

आता दोन कोटेशन शेजारी शेजारी ठेवून बघू, आकडे नुसते तुलनेसाठी धरलेत. पहिला म्हणतो बनवायचे 40, पहिलं वर्ष फ्री, मग दर वर्षी 30. दुसरा म्हणतो बनवायचे 80 आणि पहिल्यापासून दर वर्षी 12. पहिल्या वर्षी 40 विरुद्ध 92, कुणीही पहिल्यालाच काम देईल. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बघा, 100 विरुद्ध 116, अजून पहिलाच स्वस्त पण अंतर कमी झालं. चौथ्या वर्षी 130 विरुद्ध 128. पाचव्या वर्षी 160 विरुद्ध 140. म्हणजे साइट तीन वर्षांनी नव्याने करणारच असाल तर पहिला बरोबर, आणि जास्त वर्षं चालवणार असाल तर दुसरा. पण त्या 30 मध्ये बॅकअप, अपडेट आणि महिन्याचे दोनचार बदल असतील आणि 12 मध्ये नुसतं डोमेन-होस्टिंग असेल तर सगळं गणित परत फिरतं, म्हणून आकड्याच्या समोर त्यात काय काय आलं ते लिहून घेतल्याशिवाय तुलना करूच नका.

विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय सारख्या तयार सेवांवर हेच पारडं पूर्ण दुसरीकडे झुकतं. बनवायला जवळजवळ काही नाही, स्वतः दोन रविवार बसलं तरी होतं, पण चालवायचं भाडं कायम, आणि विक्सवर बनवलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, सोडायचं तर परत बनवायची. नुकताच सुरू केलेला धंदा असेल तर मला हा मार्ग चांगला वाटतो, फक्त डोमेन स्वतःच्या नावावर वेगळं घ्या.

डोमेनवर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. ओळखीतल्या एका धंद्याची साइट एका सकाळी बंद पडली. त्यांना वाटलं सर्व्हर डाउन असेल, दुपारपर्यंत येईल. दुपारी लक्षात आलं की सकाळपासून एकही मेल आलेला नाही, ऑर्डरचे नाहीत, कुणाचेच नाहीत, कारण ईमेलही त्याच डोमेनवर होते. मी एक्स्पायरी तारीख बघितली तर डोमेन संपलेलं होतं. ते घेतलं होतं साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या अकाउंटमधून, रिन्यूअलच्या सूचना त्याच्या मेलवर जात होत्या, आणि त्याने ते काम सोडून वर्ष झालं होतं. यांनी "वेबसाइटचे सगळे पैसे दिलेत" असंच धरलं होतं, आणि दिलेलेच होते, बनवायचे.

अशा वेळी घड्याळ कसं चालतं ते माहीत असू द्या. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन भाड्याने देणाऱ्या कंपन्या, आधी थोडे दिवस नेहमीच्या भावात रिन्यू करू देतात, किती दिवस ते प्रत्येकाचं वेगळं. मग 30 दिवसांचा रिडेम्पशनचा काळ, यात डोमेन परत मिळतं पण वर जादा फी भरून. मग 5 दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते नाव जगातलं कुणीही घेऊ शकतं. आमचं रिडेम्पशनमध्ये निघालं, त्या जुन्या माणसाला शोधून त्याच्याकडून लॉगिन मिळवायला आठवडा गेला. त्या आठवड्यात किती ऑर्डर गेल्या ते त्यांनी मोजलंच नाही, मीही विचारलं नाही.

मला कुणी नुसता अंदाज मागितला तर मी म्हणतो बनवायला जेवढे जातील त्याच्या 15 ते 20 टक्के दर वर्षी चालवायला बाजूला ठेवा. फार स्वस्तात बनवली असेल तर ही टक्केवारी बसत नाही, कारण डोमेन-होस्टिंगचं भाडं साइट स्वस्त म्हणून कमी होत नाही. कोटेशन मागताना कागदावर मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे एकदाचे, उजवीकडे दर वर्षीचे, आणि समोरच्याला म्हणा प्रत्येक ओळ कुठल्या बाजूची ते तुम्हीच लिहा. चांगलं काम करणारा माणूस हे पाच मिनिटांत लिहून देतो.

आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी एक करा. स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पासवर्डने डोमेनच्या अकाउंटमध्ये शिरून बघा. नुसतं ऑनलाइन लुकअप, म्हणजे डोमेनची नोंद बाहेरून शोधून बघणं, करून भागत नाही, कारण तिथे तारीख दिसते पण मालकाचं नाव बऱ्याचदा प्रायव्हसीमुळे झाकलेलं असतं. आत गेल्यावर नाव कुणाचं आहे, सूचनांचा ईमेल कुणाचा आहे, ऑटो रिन्यू चालू आहे का, आणि कार्ड कुणाचं लावलंय ते बघा. सूचनांचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, डोमेन बंद पडलं की तोही बंद पडतो.